घरच्या हिशेबाला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी

नागपूरच्या मिहान उद्योग क्षेत्रात नोकरी लागून खोली घेतलेला मुलगा, लग्नानंतर दोन पगार एका घरात आलेलं जोडपं, वडिलांच्या निवृत्तीनंतर घरचा व्यवहार एकदम अंगावर आलेली मुलगी. यांच्यापैकी प्रत्येकाला एक दिवस वाटतं, पैसा जातो कुठं हे एकदा समजलंच पाहिजे. मग प्ले स्टोअर उघडतं आणि एकसारखी दिसणारी डझनावारी ॲप समोर येतात. सगळ्यांना साडेचार तारे, सगळ्यांत रंगीत गोल आलेख. दोन डाउनलोड होतात, आठवडाभर नोंदी होतात आणि नंतर तिकडे कोणी बघत नाही.

आमच्या घरी हे सगळं होऊन आता हिशेब नीट बसला आहे. नागपुरातले ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. दुकान, दवाखाना किंवा जीएसटीचा व्यवसाय असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. तिथे टॅली आणि सीए लागतो. इथे फक्त घर.

सॉफ्टवेअरची नावं चौथ्या पायरीवर आहेत. तिथे थेट उडी मारू नका.

१. आधी प्रश्न ठरवा

"हिशेब ठेवायचा आहे" एवढं पुरत नाही. पगार वीस तारखेलाच संपतो आणि का ते कळत नाही, अशी अडचण असेल तर फक्त खर्चाची नोंद हवी. साधं ॲप चालेल. खर्च माहीत आहे, पण शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि दिवाळी एकदम येऊन आदळतात, असं असेल तर बजेट हवं, म्हणजे दर महिन्याला कशासाठी किती बाजूला काढायचं ते दाखवणारं काहीतरी. आणि पीपीएफ, म्युच्युअल फंड, गृहकर्ज, सोनं असं सगळं धरून आपलं किती आणि लोकांचं किती, हे बघायचं असेल तर दुहेरी नोंदीचं, म्हणजे पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला हे दोन्ही लिहिणारं सॉफ्टवेअर लागतं.

तिन्ही हवं असं वाटेल. पहिल्या वर्षी एकच घ्या.

गावाकडे शेती असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. बहुतेक ॲप असं धरून चालतात की उत्पन्न दर महिन्याला सारखं येतं. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले महिने खर्चाचेच. अशा घराला मासिक बजेट वर्षातले बरेच महिने लाल अक्षरात "तुम्ही जास्त खर्च केला" असं सांगत राहील. तुम्हाला वर्षाचं चित्र एकत्र दाखवणारं साधन हवं, आणि ते वर्ष एप्रिल ते मार्च असं मांडता आलं पाहिजे.

२. पैसा कुठे कुठे आहे ते कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या. सगळी बँक खाती, क्रेडिट कार्डं, पोस्टातलं खातं, मुदत ठेवी, भिशी, कर्जं, कोणाला दिलेले आणि कोणाकडून घेतलेले उसने पैसे त्यावर लिहा. मग रोख: घरात कोणाकोणाच्या हातात रोख असते? आईच्या डब्यातली, तुमच्या पाकिटातली, गाडीच्या डिकीतली. शेवटी आधीच भरून ठेवलेले पैसे, म्हणजे फास्टॅग, मेट्रोचं महाकार्ड आणि यूपीआय लाइट.

यूपीआय लाइटचं वेगळं सांगतो, कारण हिशेब इथे हमखास फाटतो. लाइटमध्ये तुम्ही पैसे भरता तेवढी एकच ओळ बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसते. पुढे त्यातून तर्रीपोह्याला, पार्किंगला, भाजीला गेलेले पैसे स्टेटमेंटमध्ये वेगळे येत नाहीत. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात आणि शिल्लक ५,००० पर्यंत ठेवता येते, म्हणजे महिन्याची रक्कम काही थोडीथोडकी नाही. हिशेब सुरू करताना एक तर लाइट बंद करा, नाहीतर त्याला रोख रकमेच्या पाकिटासारखं वेगळं खातं माना.

त्याच कागदाच्या मागे वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्यानुसार लिहा. मार्च ते मे या काळात वर्षभराचा गहू, तूरडाळ, तिखट-हळद. त्याच सुमारास कुलरची नवी खस, पंप, आणि पारा ४५ कडे निघाला की महावितरणचं बिल. जूनमध्ये शाळा. मनपाचा मालमत्ता कर. गाडीचा विमा. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांना द्यायचा बोजारा, म्हणजे खाऊचे पैसेसुद्धा लिहा. रक्कम लहान असली तरी कागद पूर्ण झाला पाहिजे. ही यादी नसेल तर एप्रिलमध्ये आकडा बघून घाबराल आणि सॉफ्टवेअरलाच दोष द्याल.

३. नोंद कोण करणार?

माझ्या मते निवडीचा निकाल इथेच लागतो. घरात एकाला हिशेबाची हौस असते, तो सॉफ्टवेअर निवडतो, आणि खर्च करणारी माणसं वेगळीच असतात. भाजी सासूबाई बुधवार बाजारातून रोखीनं आणतात, किराणा बायको यूपीआयनं देते, पेट्रोल आणि औषधं नवरा कार्डावर घेतो. हौस असलेल्याला चाळीस सोयींचं ॲप आवडलं, तरी घरातल्या सर्वांत कमी उत्साही माणसाला ते जमलं नाही तर निम्मा खर्च बाहेरच राहतो. म्हणून निवड त्या माणसाकडे बघून करायची.

त्याची परीक्षा सोपी आहे. ॲप उघडून फोन त्यांच्या हातात द्या आणि काहीही न समजावता सांगा, "आई, चाळीस रुपयांची मेथी घेतली असं लिहून बघता का?" गप्प राहून बघा. तीन-चार वेळा बोट लावून काम झालं तर ठीक. "हे काहून विचारते, कोणतं अकाउंट?" असा प्रश्न आला की ते ॲप बाद, मग त्याला कितीही तारे असोत.

काही जण अजिबात लिहिणार नाहीत, आणि त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी रोखीचा हिशेब उलट्या बाजूनं धरा: सोमवारी डब्यात किती होते, रविवारी किती उरले, मधला फरक "घरची रोख" म्हणून एकच नोंद. शिस्तवाल्यांना हे पटत नाही. पण मेथीचे चाळीस आणि कोथिंबिरीचे दहा वेगळे कळून तुम्ही करणार काय आहात?

दोघांनी नोंदी करायच्या असतील तर एकच हिशेब दोन फोनवर चालतो का, हे आधी तपासा. पुष्कळ ॲपमध्ये ही सोय पैसे भरल्यावरच मिळते.

४. आता सॉफ्टवेअर

स्प्रेडशीट. पहिल्या वर्षासाठी माझं मत यालाच. गूगल शीट्स फुकट आहे, दोघांना एकदम उघडता येतं आणि रकाने आपल्या मनासारखे करता येतात. फोनवर शीटमध्ये लिहिणं मात्र वैतागाचं काम आहे. त्यावर उपाय म्हणजे गूगल फॉर्म: रक्कम, कशावर, कुठून दिले, एवढे तीन प्रश्न. फॉर्मची लिंक दोघांच्या फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा. भरलेलं सगळं तारीख-वेळेसह आपोआप शीटमध्ये जमा होतं. महिनाअखेर पिव्हट टेबल, म्हणजे वर्गवार बेरजा करून देणारी शीटमधलीच सोय, लावलं की काम झालं. सुरुवातीलाच शीटच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (देश) भारत करून घ्या, म्हणजे आकडे १,००,००० असे लाखात दिसतील आणि तारखेत दिवस आधी येईल. इंटरनेटवर हिशेब ठेवायचा नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क आहे, पण मग नोंदी एकाच संगणकावर.

हातानं नोंद करायची ॲप. ज्यांना शीटचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. मनी मॅनेजर ईएक्स मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), संगणकावर आणि अँड्रॉइडवर दोन्हीकडे चालतं, आणि माहिती तुमच्याच फाइलमध्ये राहते. होमबँक हेही फुकट आणि हलकं आहे, पण ते संगणकावरचं. जुना लॅपटॉप असेल तरी चालेल.

दुहेरी नोंदीचं. ग्नूकॅश. फुकट, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर. प्रत्येक रुपया कुठून निघाला आणि कुठे पोचला हे दोन्ही लिहावं लागतं, म्हणून चूक लपत नाही. कॉमर्स केलेल्यांना दोन दिवसांत आवडतं. बाकीच्यांना आठवडाभर डोकं धरावं लागतं, नंतर मात्र दुसरं काही नको वाटतं. त्याची फाइल एका वेळी एकानंच उघडायची असते, त्यामुळे नवरा-बायको दोघांनी रोज लिहायचं असेल तर ते जमणार नाही. एकानं रविवारी बसून आठवडा चढवायचा, अशा घरासाठी उत्तम.

एसएमएस वाचणारी ॲप. बँकेचे संदेश वाचून खर्च आपोआप मांडतात. पहिल्या दिवशी जादू वाटते. पण रोख त्यांना दिसत नाही, लाइटचे खर्च दिसत नाहीत, काही बँका लहान यूपीआय रकमांचे एसएमएस पाठवतच नाहीत, आणि आयफोनवर ॲपला एसएमएस वाचताच येत नाहीत. शिवाय यूपीआयमध्ये दुकानाचं नाव असेलच असं नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा क्यूआर त्याच्या मुलाच्या नावानं असतो, म्हणजे तुमचं महिन्याचं तेल-साखर कोणत्यातरी "मित्राला पाठवलेले पैसे" या रकान्यात जाऊन बसतं. दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा हातानं लिहिणं लवकर होतं, असं माझं मत झालं आहे.

अकाउंट ॲग्रिगेटर. एसएमएसपेक्षा हा सरळ रस्ता. रिझर्व्ह बँकेनं याचे नियम २०१६ मध्ये केले आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून मोठ्या बँकांसह ही व्यवस्था सुरू झाली. तुमच्या संमतीनं एका संस्थेकडची माहिती दुसरीकडे पोचवायची, आणि मधल्या ॲग्रिगेटरनं ती स्वतः वाचायची नाही, अशी रचना आहे. संमती देताना तीन गोष्टी वाचा: कशासाठी, कोणत्या काळातली माहिती, आणि किती दिवसांपर्यंत. संमती नंतर मागे घेता येते. कोणत्याही ॲपनं नेट बँकिंगचा पासवर्ड मागितला तर मात्र पुढे वाचायचीही गरज नाही. ते काढून टाका.

वायनॅब (YNAB) या बजेटच्या ॲपचं नाव इंटरनेटवर फार ऐकाल. पद्धत चांगली आहे, पण वर्गणी डॉलरमध्ये आणि भारतातल्या बँका त्याला थेट जोडता येत नाहीत. त्याची पद्धत, म्हणजे आलेला प्रत्येक रुपया आधीच एखाद्या कामाला नेमून ठेवणं, ती शीटमध्ये फुकट करता येते.

५. फुकट ॲप जगतं कशावर, ते बघा

हिशेबाचं ॲप फुकट असेल आणि दुसऱ्याच आठवड्यात "तुम्हाला दोन लाखांचं कर्ज मंजूर" अशी पट्टी दिसायला लागली, तर त्याचा धंदा काय आहे ते समजून जा. तुमचा पगार कधी येतो आणि कधी संपतो हे त्याला तुम्हीच सांगितलेलं असतं. वॉलनट हे एसएमएस वाचणारं ॲप एके काळी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये होतं. २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीनं ते घेतलं आणि पुढे ते ॲक्सिओ नावाखाली गेलं. यात बेकायदेशीर काही नाही. पण आपण हिशेबाची वही उघडली होती, कर्जाचं दुकान नव्हे.

परवानग्या तपासा. खर्च लिहायला संपर्कयादी, फोटो, कॉलची यादी यांपैकी काहीही लागत नाही. कर्जाच्या ॲपनी संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदी घेऊ नयेत असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलं आहे. मग साध्या हिशेबाच्या ॲपला त्या कशाला? पावतीचा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा तेवढ्यापुरता द्या.

६. बाहेर पडायचा रस्ता आधी शोधा

सॉफ्टवेअर बंद पडतात, आणि मोठ्या कंपन्यांचीही. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेलं मिंट हे हिशेबाचं ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झालं. म्हणून पहिल्याच दिवशी पाच खोट्या नोंदी करा आणि त्या सीएसव्ही फाइल (कोणतंही शीट उघडू शकेल अशी साधी मजकूर फाइल) म्हणून बाहेर काढून बघा. एक्स्पोर्टसाठी पैसे मागत असेल किंवा फक्त पीडीएफ देत असेल तर ते ॲप नको. पीडीएफ वाचता येतो, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना रडवतो.

नोंदी मराठीत करणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की "किराणा"च्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून मजकूर फाइल आयात करा आणि युटीएफ-८ निवडा, किंवा ती गूगल शीट्समध्ये उघडा. अक्षरं जागेवर येतात.

७. एक महिना चालवून बघा

निवड झाली की मागच्या एका पूर्ण महिन्याचा हिशेब त्यात चढवा. हाताशी लागणारी कागदपत्रं:

- सगळ्या बँक खात्यांचं त्या महिन्याचं स्टेटमेंट, शक्यतो एक्सेल किंवा सीएसव्ही. पीडीएफ असेल तर त्याचा पासवर्ड कोणता ते ईमेलमध्ये लिहिलेलं असतं.
- क्रेडिट कार्डाचं बिल. त्याचा महिना पहिल्या तारखेला सुरू होत नाही, म्हणून दोन बिलं लागतात.
- पगाराची स्लिप.
- कर्जाचं परतफेडीचं वेळापत्रक, ज्यात मुद्दल आणि व्याज वेगळं दिसतं.
- म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट.
- दुसऱ्या पायरीतला तो कागद.

आयात करताना तारखेवर नजर ठेवा. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, पण अमेरिकी पद्धतीचं सॉफ्टवेअर त्याला ४ मार्च वाचतं, आणि कुठलीही चूक दाखवत नाही. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी गुपचूप भलत्या महिन्यांत जाऊन बसतात. बँकेच्या फाइलमध्ये काढलेली आणि भरलेली रक्कम वेगळ्या रकान्यांत असते, तर काही ॲपना एकच रकाना हवा असतो. तेव्हा काढलेल्या रकमेला वजा चिन्ह लावून दोन्ही एकत्र करा. फाइलच्या वरच्या काही ओळींत खातेदाराचं नाव-पत्ता असतो, त्या आधी काढून टाका.

सगळं चढवल्यावर सॉफ्टवेअरमधली महिनाअखेरची शिल्लक बँकेच्या शिलकेशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

खर्चाचे वर्ग दहा-बारा पुरतात, आणि नावं घरात बोलतो तीच ठेवा: किराणा, दूध-भाजी, दवाखाना, गाडी, शाळा, वीज-पाणी, देणंघेणं. तयार वर्गांतलं "एंटरटेनमेंट" वगैरे पुसून टाका. "इतर" फुगायला लागलं की ते उघडून बघा, त्यात एक नवा वर्ग लपलेला असतो.

८. एकच पैसा दोनदा मोजू नका

सगळ्यांचं गणित चुकतं ते इथे. मार्चमध्ये कार्डावर १८,००० चा कुलर घेतला. एप्रिलमध्ये बँकेतून कार्डाचं बिल १८,००० गेलं. दोन्ही खर्च म्हणून लिहिले की घरात एक कुलर आणि वहीत दोन. कुलर घेतला तो खर्च. बिल भरणं म्हणजे आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे हलवणं. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी "ट्रान्सफर" असा वेगळा प्रकार असतो. तो नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका.

एटीएममधून ५,००० काढले तर तोही खर्च नाही, बँकेतून रोखीत गेले. एसआयपी, पीपीएफ, आवर्ती ठेव, फास्टॅगचा भरणा हे सगळं ट्रान्सफर. गृहकर्जाचा हप्ता २५,००० असेल आणि त्यात व्याज १७,००० असेल तर खर्च १७,०००. उरलेल्या ८,००० नी कर्ज कमी झालं.

भिशीचा तर कोणत्याच ॲपमध्ये रकाना नसतो. दहा जणींची दरमहा ५,००० ची भिशी असेल तर तिचं वेगळं खातंच उघडा. तुमचा नंबर लागेपर्यंत भरलेले पैसे हे तुमचं येणं. नंबर लागून ५०,००० हातात आले की पुढचे हप्ते हे तुमचं देणं. ५०,००० ना उत्पन्न म्हणून लिहू नका, त्या महिन्यात उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. बोलीची भिशी असेल आणि तुम्ही ४६,००० ला उचलली, तर मधले ४,००० हे व्याज समजून खर्चात टाका. बोलीतून वाटणीला आलेली सूट त्यातून वजा करा.

उसन्या पैशांचंही असंच. मेहुण्याला दिलेले दहा हजार "खर्च" नाहीत. परत यायची आशा सुटली की मग लिहा.

९. फाइल सांभाळा आणि घरात सांगून ठेवा

महिन्यातून एकदा फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. हिशेब मोबाइलमध्ये असेल तर सीएसव्ही काढून स्वतःलाच ईमेल करा. फोन चोरीला गेला तरी महिन्यापेक्षा जास्त नुकसान होणार नाही. गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

कपाटात, विम्याच्या कागदांजवळ, एक छापील यादी ठेवा: कोणत्या बँकेत खातं, कोणत्या पॉलिसी, कोणते फंड, नॉमिनी कोण, हिशेबाची फाइल कुठे. त्यावर पासवर्ड किंवा पिन लिहायचा नाही. ही यादी कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला माहीत हवं. हिशेब ठेवणारा माणूस दवाखान्यात असला की घरचे नेमके हेच शोधत बसतात.

३१ मार्चला वर्ष बंद करा. त्या वर्षाची फाइल वेगळी जपून ठेवा, विवरणपत्र भरताना व्याज आणि लाभांशाचे आकडे तिथून मिळतात; ते प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाशी ताडून बघा. १ एप्रिलला नवी फाइल उघडताना सुरुवातीची शिल्लक जुन्या फाइलमधून उचलू नका. ती बँकेच्या ३१ मार्चच्या स्टेटमेंटवरून घ्या, म्हणजे वर्षभरात कुठे काही निसटलं असेल तर फरक तिथेच दिसेल.